तीन पायांचा टेकू

आमच्या काउंटीत माणसाला ‘तुला नेम साधता येत नाही’ असं तोंडावर सांगायची रीत नाही. एखाद्याची बायको पळून गेली तर चर्चच्या पायरीवर उभं राहून लोक त्याबद्दल मोकळेपणानं बोलतात. एखाद्याचं ट्रॅक्टर बँकेनं ओढून नेलं तर त्याला वाटेत थांबवून विचारतात. पण गोळी चुकली की सगळे एकदम सभ्य होतात. वारा फार होता म्हणतात. ऊन डोळ्यांवर होतं म्हणतात. आणि वारा पडलेला असेल, ऊन पाठीवर असेल, जनावर साठ पावलांवर उभं असेल, तर घसा खाकरून म्हणतात, “टेकू नीट नव्हता.” गेल्या तीस वर्षांत मी स्वतः निदान चाळीस जणांना हे वाक्य ऐकवलं आहे आणि त्यांतल्या एकाच्याही टेकूत काडीचा दोष नव्हता.

तेव्हा मार्चच्या सुरुवातीला आमचा शेजारी ओरिन स्कार मला “हार्लन, टेकू नीट नव्हता,” असं म्हणाला तेव्हा मी काय ते समजायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या बाबतीत जे सौजन्य असतं ते आपल्या बाबतीत सत्य असतं, असं प्रत्येकाला वाटतं. शिवाय माझा टेकू खरंच नीट नव्हता. मी कुंपणाच्या खांबाला रेलून गोळी झाडली होती आणि तो खांब माझ्या सासऱ्यांनी रोवलेला. त्यांनी रोवलेली कुठलीच वस्तू पुढं सरळ उभी राहिलेली मला आठवत नाही.

घडलं ते एवढंच. आमच्या मेंढ्यांची वेतं चालू होती आणि एक कायोटी, म्हणजे आमच्याकडचा लांडग्याचा धाकटा भाऊ, कोकरं नेत होता. डावा कान फाटलेला, अंगानं किडकिडीत, पण तोरा मात्र सरकारी निरीक्षकाचा. त्या सकाळी तो सातवं कोकरू तोंडात धरून लख्ख उन्हात साठ पावलांवर उभा राहिला. बघायला माझी बायको आर्डिस होती, कुंपणापलीकडं ओरिन होता. मी गोळी झाडली. कायोटीनं माझ्याकडं पाहिलं, तोंडातलं कोकरू जरा नीट धरलं आणि तो निघून गेला. पळाला असता तरी माझी थोडी लाज राहिली असती. तो चालत गेला.

मेंढ्या आर्डिसच्या. मी कोर्टहाउसात गाड्यांच्या नोंदणीच्या खिडकीत बसतो आणि अर्जात काय काय राहिलंय ते लोकांना सांगतो. पण सकाळी स्वयंपाकघरात येऊन बघावं तर आर्डिस जमिनीवर बसून आई नसलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजते आहे, डोळे सुजलेले, आणि गेलेल्या सातांबद्दल एक शब्द काढत नाही. ती बोलली असती तर मला सोसलं असतं. ती न बोलता कोकराची मान चोळत बसायची, ते मला बघवत नसे.

त्या दिवशी मात्र ती बोलली. “ईस्टरच्या आदल्या शनिवारी मर्ल येतोय. तोवर तू मारलास तर ठीक. नाहीतर मर्ल मारेल.”

मर्ल म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यानं माझी गाडी बर्फाच्या चरातून दोर लावून बाहेर काढली. दोर लावायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं तो दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की कापताना पाऊण तास सांगतो, आणि दरवर्षी चर थोडा खोल होत जातो. माझ्या कुरणात, माझ्या डोळ्यांदेखत त्यानं कायोटी मारला असता, तर मला मरेपर्यंत प्रत्येक नोव्हेंबरात टर्कीबरोबर तो कायोटीही गिळावा लागला असता. माझ्या हाती अठरा दिवस होते.

डेलमारच्या पेंडीच्या दुकानात सकाळी कॉफी असते. तिथं लोक पेंड घ्यायला कमी आणि अक्कल वाटायला जास्त येतात. मी फक्त एवढंच म्हणालो की रायफलीसाठी एखादा बरा टेकू बघतोय. त्यानंतर दीड तास मला बोलायला मिळालं नाही. सबंध हिवाळाभर एकाच हवेवर बोलून कंटाळलेल्या नऊ माणसांना मी जणू नवा मुलूख उघडून दिला होता.

डेलमार म्हणाला, “वाळूची पिशवी. माझे आजोबा वाळूच्या पिशवीवर टेकवून मारायचे.”

“काय मारायचे?” मी विचारलं.

“ते नाही सांगितलं कधी. पण पिशवी होती. मी पाहिलीये.”

ओरिननं त्याला उडवून लावलं. “पिशवी ठेवणार कशावर? कुरणात टेबल आहे का त्याच्या? काठ्या पाहिजेत. दोन काठ्या, वर रबरानं आवळायच्या, खाली पाय फाकवायचे, बसायचं आणि मधल्या खाचेत रायफल ठेवायची. मी बनवून देतो.”

ओरिन स्कारला नाही म्हणता येत नाही. तो विधुर आहे, शेजारी आहे, आणि नाही म्हटलं तर तो वाईट वाटून न घेता तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगतो. दुसऱ्या दिवशी तो काठ्या घेऊन हजर झाला. बर्फावर घसरायला वापरतात त्या काठ्या होत्या, जांभळ्या रंगाच्या, त्याच्या दिवंगत बायकोच्या, आणि त्या सायकलच्या ट्यूबनं आवळलेल्या. प्रत्येक काठीवर तिचं नाव होतं: गुंडा. एका बाजूला गुंडा, दुसऱ्या बाजूला गुंडा, आणि मधून मी कायोटीवर नेम धरायचा.

“तिला आवडलं असतं,” ओरिन म्हणाला. मी गुंडाला वीस वर्षं ओळखत होतो. तिला काहीच आवडायचं नाही.

त्या काठ्यांचं एक वैशिष्ट्य असं की त्या वापरायच्या तर जमिनीवर बसावं लागतं. कुठं बसायचं याबद्दल ओरिननं काही सांगितलं नव्हतं. मी उजाडताच टेकाडावर गेलो, काठ्या फाकवल्या, वाऱ्याकडं तोंड केलं आणि एका सपाट, गवताळ दिसणाऱ्या जागी अंग टाकलं. ते निवडुंगाचं बेट होतं. आमच्याकडचा निवडुंग वीतभर उंच असतो आणि गवतात दबून राहतो, अगदी चांगल्या घरातल्या मत्सरासारखा. मी जो आवाज काढला तो ऐकून तीन मैलांतले सगळे कायोटी, मला वाटतं, जेवण तयार आहे असं समजून आले असतील. पण तेव्हा मी रायफल धरायच्या स्थितीत नव्हतो.

आर्डिसनं पकडीनं काटे काढले. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पालथा होतो आणि ती एका हातानं काटे उपटत दुसऱ्या हातात फोन धरून बहिणीशी बोलत होती. “नाही गं, काही विशेष नाही. हार्लन आहे. हो, टेबलावरच.” दुसऱ्या दिवशी कोर्टहाउसात माझ्या खुर्चीवर कुणीतरी उशी आणून ठेवली होती. कुणी ठेवली ते कळलं नाही. आमच्याकडं चांगुलपणा हा असा निनावी असतो, म्हणजे त्याचा सूड घेता येत नाही.

काठ्या मी ओरिनला परत केल्या. तो म्हणाला, “काठ्यांचा दोष नाही बरं का.” मी म्हटलं, गुंडाचाही नाही.

मग मी दोन पायांचं लोखंडी यंत्र आणलं. ते रायफलीच्या नळीखाली पुढं बसतं आणि त्याचे पाय टोळासारखे घडी होतात. रॅपिड सिटीच्या एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्यानं मला ते विकताना एका डोळ्यानं माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाला, “साहेब, याला पालथं पडावं लागतं.” मी म्हटलं, गेले चार दिवस मी पालथाच आहे.

आता पालथं पडायला जागा लागते, आणि वेतांच्या दिवसांत मेंढ्यांच्या कुरणात जी जमीन असते तिला जमीन म्हणणं धाडसाचं आहे. तरी मी एका कोरड्या उंचवट्यावर गोणपाट अंथरलं आणि पडलो. रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघितलं तर गवताच्या सात काड्या दिसल्या. अगदी स्पष्ट दिसल्या. त्यांच्यामागं जग होतं, पण ते मला दिसत नव्हतं. मी सशाच्या किंकाळीची शिट्टी वाजवली. कायोटीला वाटतं ससा मरतोय, आणि तो बघायला येतो. कायोटी नाही आला, मेंढ्या आल्या. गोणपाट पेंडीचं होतं. मी पालथा पडलेला म्हणजे कुणीतरी पेंड सांडली आहे, असा त्यांनी सरळ हिशेब केला. एक म्हातारी मेंढी नळीसमोर येऊन उभी राहिली आणि तिचं नाक दुर्बिणीत एवढं मोठं दिसलं की मी दचकून मान मागं घेतली. आर्डिसचं बाटलीवरचं कोकरू माझ्या पाठीवर चढलं आणि तिथं त्यानं जे करायचं ते केलं.

मान वळवून पाहिलं तर टेकडीच्या माथ्यावर फाटक्या कानाचा तो बसला होता. बसला होता म्हणजे शेपूट पायाभोवती गुंडाळून, एखाद्या रिकामटेकड्या माणसासारखा, करमणूक बघत. तीन दिवसांनी त्यानं आठवं कोकरू नेलं. त्या संध्याकाळी आर्डिसनं जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. मला स्वतःची शिसारी आली. आणि शिसारी आली की माणूस जे करतो तेच मी केलं. आणखी महागाचं काहीतरी मागवलं.

ते तीन पायांचं होतं. त्याच्या माथ्यावर रायफल घट्ट धरणारा जबडा होता, पातळी बघायला पाण्याचा बुडबुडा होता आणि पाय इतके लांब होत की बसून, उभं राहून, कुठल्याही दुःखद अवस्थेत वापरता येतील. किंमत मी आर्डिसला सांगितली त्याच्या दुप्पट होती. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला पालथं पडावं लागत नव्हतं.

इथं पोस्ट मध्ये आलं.

आमच्या गावात टपाल घरी येत नाही. पोस्टात प्रत्येकाची एक कुलपाची पेटी असते. माझी एकशेबारा नंबरची. पण माल पाठवणाऱ्या कंपनीचा नियम असा की पेटीवर माल पाठवायचा नाही, घराचा पत्ता द्या. मी घराचा पत्ता दिला. कंपनीच्या गाडीवाल्यानं शेवटचे चाळीस मैल वाचवायला पार्सल पोस्टाला दिलं. आणि पोस्टाचा नियम असा की ज्या पार्सलवर पेटीचा नंबर नाही ते परत पाठवायचं. मी शुक्रवारी, म्हणजे मर्ल यायच्या आदल्या दिवशी, पोस्टात गेलो तेव्हा ते लांबडं खोकं खिडकीच्या आत भिंतीला टेकवून उभं केलेलं मला दिसलं. त्यावर माझं नाव होतं.

खिडकीत लव्हॉन होती. आम्ही दोघं शाळेत बारा वर्षं एका वर्गात होतो.

“लव्हॉन, ते माझं आहे.”

“त्यावर पेटीचा नंबर नाही.”

“माझा नंबर एकशेबारा. गेली तीस वर्षं तूच माझी पत्रं त्यात टाकतेस.”

“मला माहीत आहे,” लव्हॉन म्हणाली. “पार्सलला माहीत नाही.”

“अगं, पण नाव आहे ना? हार्लन ट्वेट.”

“हार्लन ट्वेट, टेकडी रोड. टेकडी रोडवर टपाल जात नाही. म्हणजे पोस्टाच्या दृष्टीनं तिथं कुणी राहत नाही.”

“मी राहतो.”

“ते तुझं खासगी झालं.”

माझ्या मागं चार माणसं उभी होती आणि कुणालाही घाई नव्हती. लव्हॉननं चष्मा पुसला. “ऑगस्टात मी माझ्या ट्रेलरची नोंदणी करायला आले होते,” ती म्हणाली, “आठवतंय? सहीत मधल्या नावाचं अक्षर नव्हतं म्हणून तू मला परत पाठवलंस. तो ट्रेलर तूच मला तुझ्या गाडीनं ओढून आणून दिला होतास. पण लव्हॉन एम. असं लिहिल्याशिवाय तो माझा आहे हे तुला पटेना. बावीस मैल जाऊन यावं लागलं मला. एम. लिहायला.”

नियम तो नियम, असं मी त्या दिवशी तिला म्हणालो होतो, वर हसलोही होतो. ते हसणं आता मला अंगावर आलं. मागं वळून बघितलं तर डेलमार रांगेत होता आणि भिंतीवरच्या तिकिटांच्या जाहिरातीचा अभ्यास करत होता. मी लव्हॉनची माफी मागितली. हळू आवाजात मागितली, तर ती म्हणाली, “ऐकू नाही आलं.” मग चारही माणसांना ऐकू येईल अशी मागितली.

तिनं एक फॉर्म पुढं सरकवला. पत्ता बदलल्याचा. जुना पत्ता टेकडी रोड, नवा पत्ता पेटी एकशेबारा.

“म्हणजे मी कुठून कुठं राहायला गेलो?”

“घरातून पेटीत,” लव्हॉन म्हणाली. “सही कर. मधलं अक्षर विसरू नकोस.”

तेव्हापासून सरकारदरबारी मी पोस्टाच्या पेटीत राहतो. आर्डिसचा पत्ता बदललेला नाही. ती अजून टेकडी रोडवर, म्हणजे जिथं कुणी राहत नाही तिथं राहते.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात तिपाई उभी केली. बुडबुडा मधोमध आणला, रिकामी रायफल जबड्यात बसवली आणि भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला. बाराचा आकडा दुर्बिणीच्या रेघांवर येऊन थांबला तो थांबलाच. जरासुद्धा हलेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं आणि मला, सांगायला लाज वाटते, गहिवरून आलं. वाटलं, चला, माझ्यात काही दोष नव्हता तर. दोष काठीत होता, खांबात होता, सासऱ्यांत होता.

“फोटो काढायचं आहे का हे?” दुधाची बादली घेऊन जाता जाता आर्डिसनं विचारलं.

“उद्या सकाळी कळेल,” मी म्हणालो.

मर्ल नऊला येणार होता. मी उजाडायच्या आत कुरणात, रस्त्याच्या बाजूला, गवताच्या गठ्ठ्याला पाठ लावून बसलो. बुडबुडा मधोमध. वारा पडलेला. शिट्टी वाजवली, थांबलो, पुन्हा वाजवली. आणि तो आला. टेकडीवरून सरळ खाली, नाक वर, फाटका कान लोंबता, सत्तर पावलांवर येऊन माझ्याकडं बाजू करून उभा राहिला. रेघा त्याच्या खांद्यावर आल्या आणि तिथं थांबल्या. सगळं जग थांबलं होतं. मी श्वास सोडला, चाप ओढला, धडाका झाला.

मी बघितलं तेव्हा कायोटी होता तिथंच होता. त्याच्यापासून तीस पावलं डावीकडं मेंढ्यांच्या पाण्याची पत्र्याची टाकी होती, आणि तिच्यातून बोटाएवढी धार बाहेर येत होती. कायोटीनं ती धार बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मग तो चालत गेला.

“डोळे मिटलेस,” बाजूनं आवाज आला. आर्डिस कोठाराच्या दारात कोकरू घेऊन उभी होती.

“काय?”

“चाप ओढताना. दोन्ही मिटलेस आणि अख्ख्या अंगानं तिपाईला ढकललंस. नेहमी तेच करतोस.”

“नेहमी म्हणजे? तुला कधीपासून माहीत आहे हे?”

“लग्नाच्या आधीपासून. बाबांनी तुला बाटल्यांवर नेम धरायला लावलं होतं ना? घरी येऊन म्हणाले, मुलगा चांगला आहे, फक्त गोळी सुटते तेव्हा जागेवर नसतो.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. सगळ्यांनी सांगितलं. तू टेकू विकत आणत बसलास.”

 तिकडं टाकी रिकामी होत होती आणि चाळीस मेंढ्यांना पाणी पाजायचं होतं. मी धावत जाऊन भोकावर अंगठा दाबला. धार अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून माझ्या कोटात शिरली. आर्डिस शांतपणे आत गेली, काठीचा तुकडा सावकाश तासून आणला, भोकात ठोकला. मी नखशिखान्त ओला झालो होतो आणि मार्चचा वारा सुटला होता. “कोट काढ,” ती म्हणाली. मी रायफल काढून घेतली आणि कोट तिपाईवर वाळत टाकला, वर टोपी अडकवली. आत गेलो तेव्हा माझे दात वाजत होते. छत्तीस वर्षं एकाही माणसाला खरं बोलायला जमलं नाही याचा मला संताप आला होता. मी स्वतः ते चाळीस जणांशी बोललो नव्हतो, ही गोष्ट मला त्या क्षणी सोयीस्करपणे आठवत नव्हती.

मर्ल नऊला आला. दोन रायफली, चार शिट्ट्या, रंगवलेलं तोंड. “काय दाजी, गारठलात? आत बसा. मी आणतो तुमचा कुत्रा.” आणि तो टेकडीमागं जाऊन बसला. दुपारपर्यंत बसला. कायोटी आला नाही. रविवारी ईस्टरची प्रार्थना बुडवून बसला, देवाला आणि आर्डिसला दोघांना राग आला, पण कायोटी आला नाही. सोमवारी त्यानं तोंडावरचा रंग धुतला, वारा वाईट आहे म्हणाला आणि निघून गेला. वारा नव्हताच. मी म्हटलं, हो, फार वारा आहे. त्याची गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी अंगणात उभा होतो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मंगळवारी मी तिपाई आणायला निघालो तर आर्डिसनं हात धरला. “तिला हात लावू नकोस. तिकडं बघ.”

टेकडीच्या माथ्यावर तो बसला होता. पण आज करमणूक बघत नव्हता. मान ताणून माझ्या कोटाकडं बघत होता. तीन दिवस, पावसात, उन्हात, न जेवता, न कंटाळता पहारा करणारा हार्लन ट्वेट त्यानं कधी पाहिला नव्हता. तो उठला आणि टेकडीपलीकडं गेला.

“शनिवारपासून एकही कोकरू गेलं नाही,” आर्डिस म्हणाली.

“अगं, पण ती माझी तिपाई आहे. गंजेल. आणि कायोटी असल्या बुजगावण्याला चार दिवसांत सरावतो, सगळे सांगतात.”

“म्हणून तर रोज जागा बदलते मी. काल बसती केली होती.”

त्या रात्री ती पोटभर जेवली. तेव्हा तिपाई परत मागायचा विषय मी सोडून दिला. माणसाचा कोट माणसापेक्षा कामाचा निघाला तर त्यानं निदान तोंड मिटून राहावं.

पण आमच्या काउंटीत कुणाला सुखानं तोंड मिटून राहू देत नाहीत. आमचं कुरण रस्त्याला लागून आहे. आणि रस्त्यानं जाताना कुणी दिसलं की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचं, समोरच्यानं एक बोट वर करायचं, ही इथली रीत. दोन बोटं केली तर ओळख जास्त. पूर्ण हात हलवला तर माणूस परगावचा. न केलं तर मात्र ते भांडण. दहा दिवसांनी मी डेलमारकडं गेलो तर त्यानं माझ्या कपात कॉफी ओतली आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पोस्टात लव्हॉननं माझी पत्रं हातात न देता पेटीत टाकली, मी समोर उभा असताना.

शेवटी ओरिननं तोंड उघडलं. “हे बघ हार्लन, मेव्हण्याला रिकाम्या हातानं पाठवलंस, चांगलं झालं. पण म्हणून इतकं चढायचं? रोज बोट करतो मी तुला. डेलमार करतो. रविवारी तर पाद्रीसाहेबांनी गाडी थांबवून केलं. तू ढिम्म. मान तरी हलवायचीस.”

आता मला दोनच वाटा होत्या. कुरणात उभा आहे तो मी नाही, माझा कोट आहे, असं सांगायचं. मग तिथं मी का नाही, असं ते विचारणार. मग डोळे, टाकी, सगळं या टेबलावर मांडायचं, आणि संध्याकाळपर्यंत ते मर्लला कळणार. नाहीतर शिष्ट म्हणवून घ्यायचं. मी म्हटलं, “कायोटीवर लक्ष होतं,” आणि उठलो.

घरी आर्डिसला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती उठली, कोठारातून माझा जुना कातडी हातमोजा आणला, त्यात पेंढा भरला, एका बोटात तार घातली आणि ते बोट ताठ उभं केलं. मग कुरणात जाऊन तो हातमोजा, रस्त्याकडं तोंड करून, तिपाईच्या जबड्यात घट्ट आवळून बसवला. बुडबुडा मधोमध आहे का, तेही बघून आली.

दोन दिवसांनी मी डेलमारकडं गेलो तेव्हा कॉफीबरोबर डोनट मिळाला. ओरिन माझ्याशेजारी सरकून बसला. म्हणाला, “काल तुझ्या समोरच्या अंगाला कुंपण दुरुस्त करत होतो मी. मी एकदा बोट केलं, तू केलंस. पण मी म्हणतो, तासभर? तासभर तू ते बोट खाली नाही घेतलंस. आणि जरासुद्धा थरथर नाही. या वयात असा हात मी नाही बघितला कुणाचा.”

दुकानातले सगळे माझ्याकडं बघत होते. मी कप दोन्ही हातांनी धरून ठेवला, कारण तो हलत होता.

“सवयीनं येतं,” मी म्हणालो.